चौघांच्या कॅप्सूल

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. लिहिले असते तर तू म्हणाली असतीस, "आली मोठी शहाणी," आणि पत्र फ्रिजवर टाकून दिलं असतंस. फोन करावा तर तू माझा नंबर ब्लॉक केलायस. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

तू दारात उभी राहून म्हणाली होतीस, "डॉक्टरकडून लिहून आण की ही आता बरी आहे, मग सुट्टीत ने ठकूला." मी तेव्हा तुला काय काय बोलले ते तुला पाठ असेल. मला नीट आठवत नाही, आणि तीच लाजेची गोष्ट आहे. पण अट बरोबर होती. मी तुझ्या जागी असते तर ठकूची सावलीही माझ्यासारखीला दाखवली नसती. पोरीला शाळेत विसरणारी आई! वॉचमनने तिला स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं, आणि मी लॅबमध्ये नाकात पावडर ओढून लोकांच्या कवळ्या घासत बसले होते, अंधार पडेपर्यंत. कवळ्या मात्र झकास झाल्या होत्या.

तर सांगायचं हे की मी उपचार घेतेय. एका नव्या औषधाची चाचणी चाललीय, त्यात माझं नाव घेतलंय. दवाखाना एक्स-रेवाल्याच्या वर आहे. दोनच खोल्या, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. आमच्यासारखे लोक खुर्च्यासुद्धा नेतील असं वाटलं असेल. डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान आहेत, केसांच्या अंबाड्यात पेन खोचतात आणि मग तेच पेन टेबलभर शोधतात.

त्यांनी मला समजावलं ते तुला माझ्या भाषेत सांगते. मेंदूत एक रस सुटतो. बरं वाटलं की सुटतो, आणि काम झालं की परत आत ओढला जातो. ती पावडर काय करते, तर परत जायची वाट धाडकन बंद करते. मग रस साचतो आणि माणूस हवेत. हे नवं औषध तीच वाट अडवतं, पण हळू आणि थोडीच. त्यामुळे तल्लफ जरा गप्प बसावी, आणि वरून कुणी पावडर घेतलीच तर तिला जागाच मिळू नये, असा हिशोब. मी म्हटलं, हे तर आमच्या कवळीसारखं झालं. हिरडीचा गुलाबी मसाला घाईघाईत उकळला की आत बुडबुडे येतात आणि कवळी ठिसूळ होते. तोच मंद आचेवर शिजवला की पक्का. मॅडम म्हणाल्या, "चालतं की नाही तेच तर बघतोय आम्ही. अजून कुणालाच माहीत नाही."

गंमत अशी की निम्म्या लोकांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना नुसतं पीठ. कॅप्सूल दिसायला सारखीच, पिवळी. कुणाला काय मिळतंय ते मॅडमनाही ठाऊक नसतं. शेवटी सगळ्यांची बंद पाकिटं एकदम उघडतात. तोवर दर शनिवारी लघवी तपासायची आणि आठवड्याची बाटली घेऊन यायचं. चाचणी सुट्टीच्या आधी संपते, आणि शेवटपर्यंत नीट राहिले तर मॅडम पत्र देणार आहेत.

ठकूचा पुढचा दात हलत होता. पडला का? ओढू नकोस, आपोआप पडू दे.

तुझी,
धाकटी

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं.

लॅबच्या मालकांनी मला अर्धा दिवस कामावर घेतलंय. हात थरथरत नाहीत. काल एका आजोबांची कवळी बसवून पाहिली, तर ते आरशात बघून म्हणाले, "हा कोण तरणा?" खूप हसलो आम्ही. असं हसून किती दिवस झाले होते.

शनिवारी आम्ही चौघं एकाच वेळेला असतो. एक पार्लरवाली आहे, लग्नसराईत रात्रंदिवस उभं राहता यावं म्हणून घ्यायला लागली. एक मास्तर, क्लास घेणारे, फार बोलत नाहीत. आणि एक ट्रक ड्रायव्हर. तो लांबच्या खेपांना जागं राहायला घ्यायचा. मला "दातवाल्या बाई" म्हणतो. मी त्याला "ड्रायव्हरसाहेब" म्हणते, कारण मान दिला की तो चहा पाजतो.

या ड्रायव्हरसाहेबांचं मात्र नवल आहे. माणूस तुकतुकीत दिसायला लागलाय. तोंडाला कोरड पडते म्हणतो, झोप हलकी झालीय म्हणतो, आणि पावडरीकडे ढुंकून बघत नाही. दर वेळी एकच पालुपद, "या वेळी मी मनावर घेतलंय." बायको त्याला न्यायला येते. आधी खाली रस्त्यावर थांबायची, आता वर येऊन बसते.

आणि मी? मला काहीच वाटत नाही, ताई. कोरड नाही, काही नाही. सकाळी कॅप्सूल घेते आणि वाट बघत बसते की आता काहीतरी होईल. काही होत नाही. माझ्या नशिबी पीठ आलंय हे सांगायला ज्योतिषी नको. तपासणी स्वच्छ येते, पण ती मी दातओठ खाऊन राहते म्हणून. पार्लरवालीचीही हीच तक्रार आहे.

पत्र कसं मिळणार, हाच एक विचार सारखा डोक्यात असतो.

धाकटी

१८ मार्च

ताई,

सगळं छान चाललंय. काळजी करू नकोस. म्हणजे करत असशील तर.

शनिवारी दुपारी लॅब बंद असते आणि किल्ली माझ्याकडे असते. दवाखान्यातून निघालो की आम्ही चौघं तिकडे येतो, चहा घेतो, बसतो थोडा वेळ. एकमेकांचा आधार होतो. पार्लरवालीने माझे केस कापून दिले. तू बघितलेस तर म्हणशील, माणसात आली.

ठकूला सांग, तिच्यासाठी कवळीच्या गुलाबी मसाल्याचं छोटं माकड केलंय. दात काढून हसणारं.

दुसरं काही नाही. पत्र छोटं आहे कारण काम आहे.

धाकटी

८ एप्रिल

ताई,

मागचं पत्र परत मिळवता आलं असतं तर बरं झालं असतं. "काम आहे" हे खोटं होतं. तुझ्याशी खोटं बोलायची जुनी सवय, पावडरीच्याही आधीची.

शनिवारी आम्ही नुसता चहा घेत नाही. चौघांच्या बाटल्या उघडतो. कॅप्सूलचे दोन तुकडे अलगद ओढले की सुटतात. सगळ्यांमधली पूड मी काचेच्या पट्टीवर ओतते, स्पॅच्युलाने नीट कालवते, आणि पुन्हा भरून सगळ्यांना सारखी वाटून देते. माझं आयुष्य पावडरी कालवण्यात गेलं. इकडचा कण तिकडे होत नाही. म्हणजे खरं औषध कुणाच्याही बाटलीत असलं तरी थोडं थोडं सगळ्यांना मिळतं. कुणी उपाशी नाही, कुणी तुपाशी नाही.

हे बरोबर नाही, मला कळतं. पण तूच सांग, चार माणसं बुडत असताना दोघांना लाकूड द्यायचं आणि दोघांना लाकडाचं चित्र, हा कुठला न्याय? आम्ही ठरवलं, वाटून घेऊ. चौघांनी मिळून ठरवलं. ड्रायव्हर जरा कां कूं करत होता, पण मनाचा मोठा आहे, दिली त्याने बाटली.

फक्त आता तो पहिल्यासारखा दिसत नाही. दाढी करत नाही. परवा म्हणाला, "दातवाल्या बाई, अर्ध्यावर गाडी चालत नाही." बायको पुन्हा खाली रस्त्यावर थांबायला लागलीय. मी म्हटलं, होईल सवय.

मॅडम परवा कागद बघत स्वतःशीच पुटपुटल्या, "आपल्याकडे सगळे सारखेच दिसतायत, दोन गट पडतच नाहीत." मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. अशीच सगळीकडे ओरड झाली तर हे औषध बंद पडणार, आणि आमच्यासारख्यांना दुसरं आहे काय? पण बोलले तर मला काढून टाकतील. मग पत्र नाही. पत्र नाही तर ठकू नाही. सुट्टी तोंडावर आलीय, ताई. मी गप्प बसले.

धाकटी

२२ एप्रिल

ताई,

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. मी काही घेतलेलं नाही, देवाशपथ.

ड्रायव्हरने काल परत पावडर घेतली. आज सकाळी घरातच कोसळला, छाती धडधडत होती. बायकोने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी तेव्हा आमच्या दवाखान्यात बाटली घ्यायला आले होते. हॉस्पिटलातून मॅडमना फोन आला की तुमच्या चाचणीतला माणूस आहे, त्याच्या अंगात तुमचं औषध आहे का ते सांगा, आम्हाला इंजेक्शन द्यायचंय. असं काही झालं तर बंद पाकीट उघडायची परवानगी असते. मॅडमनी उघडलं आणि फोनवर म्हणाल्या, "पीठ आहे. त्याला आमचं औषध मिळतच नव्हतं. तुम्ही निर्धास्त द्या."

ऐकलंस ना? त्याची कॅप्सूल खोटी होती. आणि तरी त्याच्या अंगात औषध होतं, कारण ते मी घातलं होतं. आमच्या औषधावर ते इंजेक्शन चालत नाही.

मी लगेच मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच परत फोन लावला. माणूस वाचलाय. अतिदक्षता विभागात आहे, पण वाचलाय.

मी सांगितलं, ताई. एवढं तरी माझ्या नावावर असू दे.

धाकटी

२६ एप्रिल

ताई,

नको माझ्या नावावर काही.

लगेच नाही सांगितलं. मॅडम "निर्धास्त द्या" म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत होते. तोंड उघडलं आणि ठकू डोळ्यांपुढे आली, तुझ्या दारातून बॅग घेऊन निघालेली. मी तोंड मिटलं. बाटली पर्समध्ये टाकली, "येते" म्हटलं आणि जिना उतरले. खाली एक्स-रेवाल्याकडे एक बाई पोराचं हाडाचं चित्र उजेडाला धरून बघत होती. तिला वाट करून दिली. बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले. बस आली. बसमध्ये चढलेसुद्धा! कंडक्टरने कुठे जायचं विचारलं आणि मला सांगता येईना. त्याने दोनदा विचारलं, मग म्हणाला, "बाई, चढायच्या आधी ठरवत जा." पुढच्या स्टॉपला उतरले आणि धावत परत आले. धाप लागली होती, मॅडमना वाटलं मीही घेऊन आलेय.

तेवढ्या वेळात अर्धं इंजेक्शन गेलं होतं. त्याचं ब्लडप्रेशर इतकं पडलं की बायकोला बाहेर काढून त्यांनी पडदे ओढले. मी जिना उतरले नसते तर ते इंजेक्शन हातातच राहिलं असतं. एवढंच गणित आहे. ते मी तुला चार दिवसांपूर्वी लिहिताना चोरलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आमच्या चौघांची नावं चाचणीतून काढली, वर कळवलं, आणि मग अंबाड्यातलं पेन काढून हातात धरून नुसत्या बसल्या. मी विचारलं, "माझ्या बाटलीत काय होतं?" विचारायची हिंमत कशी झाली कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, आता तुम्ही बाहेरच आहात, उघडते. माझी खरी होती.

मी म्हटलं, "पण मला तर काहीच वाटत नव्हतं!"

"वाटायला कशाला हवं होतं?" त्या पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या. "काही वाटू नये म्हणूनच तर देतोय आम्ही ते."

ताई, इतकी वर्षं माझ्यासाठी औषध म्हणजे जे घेतल्यावर डोक्यात घंटा वाजते ते. घंटा वाजली नाही, म्हणजे पीठ. त्या आजोबांबरोबर पोट धरून हसले, पोरीच्या दाताची चौकशी केली, अर्धा दिवस सरळ काम केलं, ते सगळं होत होतं आणि मी म्हणत होते काहीच होत नाही. ते औषधाचं होतं की माझं, हे आता कधीच कळणार नाही. कळायची सोय मीच कालवून टाकली.

आणि अजून एक. हे लिहायला बसले आणि दोनदा उठले. "चौघांनी मिळून ठरवलं" असं तुला लिहिलं होतं. मी ठरवलं. न्याय, लाकूड, चित्र वगैरे सगळी मागाहून लावलेली मखलाशी. मला त्याची कॅप्सूल हवी होती, बस्स. तो द्यायला तयार नव्हता. म्हणत होता, "बाई, माझं जमलंय, मोडू नका." तेव्हा मी पार्लरवाली आणि मास्तरांच्या देखत त्याला म्हणाले, "तुमचं कसलं जमलंय? तुम्ही कसलं मनावर घेताय? तुमची कॅप्सूल खरी आहे म्हणून मिरवताय. तिच्या जोरावर कुणीही साधू होईल. आमच्या जागी येऊन दाखवा." तो लालबुंद झाला. बाटली टेबलावर ठेवली आणि चहा न पिता गेला.

त्याच्या बाटलीत पीठ होतं, ताई. ते सगळे दिवस त्या माणसाने पिठावर काढले होते. स्वतः काढले होते. आणि मी त्याला पटवून दिलं की तो त्यातला नाही. त्यानंतर मी त्याला थोडं खरं औषध दिलं आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. सौदा बघ माझा.

काल त्याला वॉर्डात आणलं. मी गेले. तो उशीला टेकून बसला होता, नाकाशी नळी. बायको थर्मासचं झाकण धुऊन पुसत होती. तिने मला ओळखलं आणि खुर्ची सरकवली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी बसले नाही.

मी त्याला म्हटलं, "ड्रायव्हरसाहेब, तुमची खोटी होती. माझी खरी होती."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तेव्हा..."

"तेव्हा तुमचं तुम्हीच जमवलं होतंत. औषधाचा त्यात काडीचा हात नव्हता. मी बोलले ते सगळं चूक होतं."

मला वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. पण तो बायकोकडे मान करून म्हणाला, "हिला सांगा. मी सांगितलं तर हिला पटणार नाही."

मी तिला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. काचेची पट्टी, माझं बोलणं, जिना, बस. ती झाकण तसंच हातात धरून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मग यांनी परत का घेतली?"

मी म्हटलं, "माझ्यामुळे."

तिने ती खुर्ची परत आपल्याकडे ओढली आणि तिच्यावर स्वतः बसली. नवऱ्याचा हात हातात घेतला. मी तिथून निघाले. मला जा असं कुणी म्हटलं नाही आणि थांब असंही नाही.

मॅडमकडून पत्र मिळणार नाही. मी मागितलंही नाही. मात्र दर शनिवारी येऊन नुसती तपासणी देऊन जा, असं त्यांनी सांगितलंय. त्या शनिवारीही दिली होती. स्वच्छ होती. कॅप्सूलही नाही आणि पीठही नाही, त्यामुळे संध्याकाळ झाली की जीव नकोसा होतो. पुढच्या शनिवारी काय येईल ते मी आज लिहून देऊ शकत नाही.

म्हणून ठकूला सुट्टीत पाठवू नकोस. मी आता मागत नाहीये. तू पाठवलीस तर मी तिला ठेवून घेईन, नको म्हणण्याइतका माझ्यावर माझाच भरवसा नाही, म्हणून तूच नाही म्हण.

पण एक कर. ती विचारेल तेव्हा "आईला काम आहे" असं सांगत जाऊ नकोस. तुला ते मीच शिकवलंय. आई आजारी आहे आणि आईने एका माणसाशी फार वाईट केलं, असं दोन्ही सांग. रडली तर रडू दे. त्यानंतर तिला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर तुझ्या फोनवरून लावून दे. नाही वाटलं तर आग्रह करू नकोस.

तुझी,
धाकटी